तिसरी गाठ

उदगीरच्या पेठेत गुरम्माचं सतरंज्या-जाजमांचं दुकान होतं. तिथल्या मालावर छाप-शिक्का काही नसायचा, गाठ असायची. सतरंजीच्या कोपऱ्यातल्या दशा चिमटीत धरून गुरम्मा स्वतःच्या हातानं काळ्या सुताची गाठ मारायची. एक गाठ असली तर माल अंथरुणाचा. निजायला घ्या, वर नाचू नका. दोन असल्या तर बैठकीचा. पाव्हणे बसू द्या, पोरं लोळू द्या. आणि तीन गाठी म्हणजे उंबऱ्याचा. तो दारात टाका, मातीचे पाय पडू द्या, चार लग्नांच्या पंगती उठू द्या. घरातली सून सासू होईल, तरी सतरंजी तशीच राहील.

तिसरी गाठ वर्षाकाठी सहा-सात मालांनाच मिळायची. गिऱ्हाईक लई अजिजीनं म्हणायचं, "काकू, ह्याला बी तिसरी मारा की, पोरीच्या सासरी द्यायची हाय." गुरम्मा वर न बघता म्हणायची, "पोर दे चांगली. सतरंजी कशाला खोटी देतोस?"

शाळा तिची दुसरीतच सुटली होती. सहीपुरती अक्षरं यायची, तीही एकमेकांवर रेलून उभी राहिल्यासारखी. पण निलंग्यापासून देगलूरपर्यंत लग्नाचा बस्ता बांधणारा माणूस दुकानात आला की माल उलटून कोपरा बघायचा आणि म्हणायचा, गुरम्माची जबान हाय, बांधा. ही जबान म्हणजेच गुरम्माचं सगळं होतं. नवरा गेला तेव्हा दुकानात तेवढीच उरली होती, आणि तिच्यावरच तिनं पोराला, मन्मथला वाढवलं, सून आणली.

त्या साली लातूर नवं नवं जिल्हा झालं होतं. सरकारी कचेऱ्या उघडत होत्या, साहेब लोकांच्या बदल्या होऊन बिऱ्हाडं येत होती, त्यांच्यासाठी क्वार्टरं उठत होती. आणि त्याच साली पाऊस गावाला पाठ दाखवून गेला. होळीला आड आटले, पाडव्याला हापशांनी नुसती हवा ओकली. पेठेत एकट्या गुरम्माच्या परसातल्या आडाला पाणी राहिलं, तेही तळाशी, हाक मारली तर उशिरानं ओ देणारं. गुरम्मानं ढाळजेचं दार सताड उघडलं. ढाळज म्हणजे बोळातून परसापर्यंत जाणारी घराची आतली वाट. शहाबादी फरशीची, अंधारी, गार. सकाळपासून दिवे लागेपर्यंत पेठेतल्या बाया त्या वाटेनं घागरी घेऊन आत यायच्या, भरून बाहेर जायच्या.

"पाणी माझं न्हाई, आडाचं हाय," गुरम्मा दारातच सांगायची. "भांडण कराल तर मात्र घर माझं हाय."

एवढ्या बोलण्यावर रांग सरळ व्हायची. तिच्या तोंडाला कोण लागणार?

उन्हाळ्याच्या तोंडाला मन्मथ दूर उत्तरेकडं एका गालिच्याच्या मिलमध्ये जाऊन आला. येताना लाल गालिच्याची एक लांब पट्टी आणि एक कागद घेऊन आला. पट्टी मऊ होती, चांगली बोटभर केसांची, मांजराच्या पोटासारखी.

"अव्वा, लातूरच्या क्वार्टरातल्या बारा घरांना बैठकीत हे पाहिजे. अण्णाराव म्हणून कचेरीत कारकून हायत, तेच सगळ्यांच्या वतीनं बघून राहिलेत. त्यांना म्हणालो, अव्वा गाठ मारंल तवा माल उचला."

"कागदात काय लिवलंय?"

"दर्जा चार. पाचातला चार. घरातल्या भारी वापराला चालतंय."

"कुणाच्या घरातल्या?"

मन्मथ हसला. मग मांडी घालून बसला आणि त्यानं मिलमध्ये बघितलेलं सांगितलं. एक मोठा पिंप असतो, आडवा फिरणारा. त्याच्या आतून गालिचा लावतात, भिंतीला लावावा तसा. पिंपात चार पायांचं एक लोखंडी जनावर सोडतात. पायांना खाली रबर. पिंप फिरतो, जनावर आत कोलांट्या खात गालिच्यावर पाय आपटतं. हजारो फेरे. मग तो तुकडा काढून, कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून, एका ठरावीक उजेडात तीन माणसं बघतात. काहीच फरक न्हाई दिसला तर पाच. लई दिसला तर एक.

"कोरा तुकडा शेजारी ठेवतात, हे शहाणपणाचं हाय," गुरम्मा म्हणाली. "बाकी त्या जनावराला टाच हाय का? टाचेला भेगा हायत का? बोटात जोडवं हाय का? डोक्यावर घागर घेऊन चालतंय का ते?"

"न्हाई. पण अव्वा, ते सगळ्यांवर सारखं चालतंय. त्याला आपलं-परकं न्हाई."

"तुला बी न्हाई, म्हणून तर मिलवाल्याचा कागद घरात घेऊन आलास."

तरी पट्टी तिनं मांडीवर घेतली. तळहात फिरवला, उलटा फिरवला. मऊपणा हाताला आवडला, हेच तिला आवडलं नाही. मग म्हणाली, "आपला पिंप आपल्या दारात फिरून राहिलाय. चांगल्या पाचशे पायांचा."

दुसऱ्या दिवशी ढाळजेत दोन पट्ट्या पसरल्या. डाव्या अंगाला तिच्याच दुकानातली निळ्या-पांढऱ्या रेघांची सतरंजी, सटवाजी विणकराच्या मागावरची. उजव्या अंगाला मिलची लाल पट्टी. मधे वीतभर फरशी. दोन्हींचा एकेक कोरा तुकडा कापून तिनं ट्रंकेत ठेवला. सून शिवकांताला सांगितलं, "दर आठ दिवसांनी दोन्ही झटकून, टोकं बदलून टाकायची. चार आठवडे झाले की बघू." आणि स्वतःची बाज ढाळजेतच, भिंतीला लावून घेतली.

बाया आल्या. दारात जराशा थबकल्या. कुणी कुणाशी कुजबुजलं. मग रांग आत शिरली.

ढाळजेतल्या दुपारी मोठ्या अजब असायच्या. बाहेर ऊन पांढरं व्हायचं आणि दारातून आत येता येता निळं पडायचं. गुरम्मा बाजेवर कुशीला व्हायची, आणि जाग आणि झोप यांच्यामधला पडदा इतका झिरझिरीत व्हायचा की आपण कुठल्या अंगाला आहोत ते तिला कळायचं नाही. फक्त पावलं ऐकू यायची. चप, चप, चप. लक्ष्मीबाईची डावी टाच जड पडायची. शेंगदाण्याच्या गिरणीत पोती उचलून तिचं अंग एका बाजूला कललं होतं. सिंधु पळत यायची, तिची जोडवी पातळ सतरंजीतूनही फरशीशी बारीक बोलायची. येताना कोरडी पावलं, जाताना ओली. मधेच आडातून बादलीचा आवाज यायचा. जणू खाली पाण्यात कुणी दार उघडलं, कुणी मिटलं.

कधी कधी सतरंजीच्या निळ्या रेघा तिच्या डोळ्यांमागं लांबच लांब व्हायच्या. त्यांची मांजरा नदी व्हायची, कोरडीठाक, आणि तिच्या पात्रातून पेठेतल्या सगळ्या बाया डोक्यावर घागरी घेऊन ओळीनं निघालेल्या दिसायच्या. त्यांच्या मागून ते चार पायांचं लोखंडी जनावर यायचं. जन्मभर गोल भिंतीवर चाललेलं, दार म्हणून कधी बघितलेलंच नाही. गुरम्मा त्याला म्हणायची, "ये बाबा. दमलास. टेक घडीभर." ते चार पाय पोटाशी घेऊन लाल पट्टीवर बसायचं, आणि बसल्याचा आवाजच व्हायचा नाही.

जागेपणीही लाल पट्टीचा आवाज व्हायचा नाही. गुरम्माला त्याचं नवल वाटायचं नाही. एवढे बोटभर केस, ते पाऊल गिळणारच.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. माणसं तिला आकारानं दिसायची, आवाजानं ओळखू यायची. सुईत दोरा ओवायची वेळ आली की ती शिवकांतावर खेकसायची, "हातावर हात ठेवून बसलीस का? ओव की!" सून मुकाट्यानं ओवायची. सतरंजीचा कस गुरम्मा तळहातानं बघायची, गालाला लावून बघायची. लोकांना वाटायचं, काकूची जुनी तऱ्हा हाय.

चार आठवड्यांनी अण्णाराव आले. तंग विजार, खिशाला दोन पेनं, लातूरहून एसटीनं आल्यानं भुवयांवर धूळ. ढाळजेतच त्यांना पाट दिला. मन्मथ दुकान सोडून आत आला. शिवकांतानं दोन्ही पट्ट्या उचलून गुरम्मासमोर आणल्या, ट्रंकेतले कोरे तुकडे आणले. परसात जाणाऱ्या-येणाऱ्या बाया कडेनं बघत होत्या.

गुरम्मानं आधी सतरंजी घेतली. तळहात मधोमध फिरवला आणि तिचा हात थांबला. सूत विरलं होतं. एका ठिकाणी तर ताण्याचे उभे धागे बोटाला लागत होते. चार आठवड्यांत? सटवाजीच्या मागावरची? तिनं कोऱ्या तुकड्यावरून हात फिरवला, परत ह्यावरून. ही सतरंजी तिनं तीन गाठींची म्हणून विकली असती.

मग लाल पट्टी घेतली. केस उभेच्या उभे. कोऱ्या तुकड्याला हात लावला, ह्या तुकड्याला लावला. फरक म्हणून नाही. गालाला लावली. मांजराचं पोट.

 अण्णाराव हळूच म्हणाले, "मावशी, कागद बरोबर निघाला म्हणायचा का?"

 तीस वर्षं ती ज्या मागाच्या नावानं गाठ मारत आली होती, तो तिच्या हातात विरून पडला होता, आणि मिलचं मांजर जिंकून बसलं होतं. पण हाताला लागलं ते लागलं. मऊ माल आवडत नाही म्हणून गाठ कमी मारली, तर मग ती जबान कसली?

"शिवकांता, काळं सूत दे," ती म्हणाली.

पहिली गाठ मारली. मन्मथनं श्वास घेतला. दुसरी मारली. तिसरीसाठी सुताचा फास केला, आणि तेवढ्यात दारातून लक्ष्मीबाई घागर घेऊन आत आली. चप, चप, चप. जड डावी टाच. नेहमीसारखी. मागून सिंधु. जोडव्यांची टिकटिक. नेहमीसारखी.

गुरम्माचा फास बोटातच राहिला.

दोन्ही पट्ट्या तर तिच्या मांडीवर होत्या. खाली नुसती फरशी होती. मग आवाज बदलायला हवा होता की नको? चार आठवडे ह्या पायांतले अर्धे पाय लाल केसांत बुडत होते ना? ते आज एकदम वर यायला हवे होते. रांगेचा आवाज दुप्पट व्हायला हवा होता. आणि आज रांग वाजत होती रोजच्याइतकीच, त्याच अंगाला, त्याच पावलांनी.

"लक्ष्मे, थांब."

"काय काकू?"

"आत्ता कुठून चाललीस? डावीकडून का उजवीकडून?"

"डावीकडून."

"आणि रोज?"

"रोज बी डावीकडूनच. सगळ्याच."

"कामून?"

लक्ष्मीबाईनं घागर कमरेवरून खाली घेतली. तिला हा प्रश्नच नवा होता. "कामून म्हंजे? उजवीकडं लाल पायघड्या न्हाईत का घातल्या तुम्ही? मठातले स्वामी येनार, आडाची पूजा करनार, म्हणून घातल्यात की. स्वामींच्या पायघड्यांवर आम्ही शेणामातीचे पाय द्यावं का?"

"कोण म्हणालं स्वामी येणार?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दुष्काळात आडाच्या वाटेवर लाल मखमल कुणी घालतंय का उगी?"

सिंधु मागून म्हणाली, "मी तर चुकून पदर लागला तरी हात जोडत होते."

अण्णारावांना हसू आवरेना. ते पेन काढून परत खिशात घालू लागले. शिवकांताच्या हातातले कोरे तुकडे खाली पडले.

"शिवकांता! तुला ठाऊक होतं?"

"बाया डावीकडून जातात ते दिसत होतं, आत्याबाई," सून भिंतीला म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच सांगितलं असंल. विचारायला आले होते एकदा. तुम्ही म्हणालात, कामाचं बघ."

"आणि तुम्ही, बयांनो? तुम्हाला तोंडं न्हाईत? एकीनं तरी विचारायचं!"

लक्ष्मीबाई शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही तर इथंच बाजेवर असता. रोज बघता. आमाला वाटलं, तुमच्या समोरून चाललोय म्हंजे बरोबरच चाललोय."

ह्यावर उत्तर एकच होतं. ते गुरम्माच्या जिभेवर आलं आणि तिथंच बसून राहिलं. समोर मन्मथ होता, सून होती, लातूरचा माणूस होता, अर्धी पेठ घागरी धरून उभी होती. खोटं बोलणं सोपं होतं. झोप लागली होती म्हणता आलं असतं. पण मग मांडीवरच्या ह्या दोन गाठींचं काय? ज्या जबानीनं त्या मारल्या, तीच तोंडात खोटी पडली, तर पेठेत गुरम्मा म्हणून कोण उरणार?

"दिसत न्हाई मला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

 

मग तिनं लाल पट्टीचा कोपरा धरला आणि मारलेल्या दोन्ही गाठी नखानं सोडवल्या.

"अव्वा," मन्मथ कळवळून म्हणाला, "दोन तरी राहू दे. अण्णारावांना मी शब्द दिलाय."

"तू दिलास न्हवं? मी अजून द्यायची हाय." मग खालच्या आवाजात, "तुझं ते जनावर मात्र माझ्यापेक्षा शहाणं निघालं बाबा. ते कुणाला मान देत न्हाई. मान दिला की एक माल कोरा राहतो, दुसरा दुप्पट झिजतो आणि परीक्षा खोटी होते." आणि अण्णारावांकडं, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या आकाराकडं वळून ती म्हणाली, "दादा, आणखी चार आठवडे. थांबायचं नसंल तर दुसरीकडून घ्या. गाठ मिळणार न्हाई."

अण्णाराव म्हणाले, "थांबतो मावशी. क्वार्टरांच्या भिंती बी ओल्याच हायत अजून."

त्याच घटकेला लाल पट्टी परत उजवीकडं पसरली. डावीकडं सटवाजीच्या मागावरचीच नवी, कोरी सतरंजी टाकली. बाया कडेला उभ्याच. पाय पुढं टाकायची कुणाची छाती होईना. गुरम्मा बाजेवरून उठली, शिवकांताचा हात धरला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि भेगाळलेली टाच दणकन लाल पट्टीवर ठेवली. एक पाऊल, दुसरं पाऊल, थेट परसाच्या दारापर्यंत.

"बघितलं? आता ऐका. येताना लाल पट्टीवरून यायचं, जाताना सतरंजीवरून. दुसऱ्या दिवशी उलटं. पायघड्या तुमच्याच हायत. जी बाजूनं जाईल, तिची घागर मी फोडीन."

लक्ष्मीबाई पहिली आली. तिनं आधी वाकून पट्टीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मग पाय ठेवला. "अय्यो," ती म्हणाली, "कणकेवरून चालल्यावानी वाटतंय."

त्या दुपारी ढाळजेत खरोखरची शांतता आली. गुरम्मा बाजेवर पडली होती आणि रांग आत येत होती, पण येताना पावलंच नव्हती. बांगड्या वाजत होत्या, घागरीला घागर लागत होती, कुणी खोकत होतं, पण जमिनीशी काही नव्हतं. जणू बाया भुईपासून चार बोटं वरून तरंगत आत येत होत्या. आडापाशी जाऊन, पाणी भरून, सतरंजीवर आल्या की त्यांना परत पाय फुटत होते. चप, चप, चप. गुरम्माला वाटलं, अर्धं जग स्वप्नातून येतंय आणि अर्धं जागेपणी परत जातंय, आणि आपण मधे, वीतभर फरशीवर पडलोय. मिलच्या मालाचं खरं रूप तिला आत्ता कळत होतं. तिनं ते मनातल्या मनात कबूल केलं. असलं मऊपण सटवाजीच्या मागाला जमायचं नाही.

दहा दिवस गेले. पंधरा गेले. शिवकांता दर आठवड्याला पट्ट्या झटकायची आणि आता न विचारताच सांगायची. "आत्याबाई, लाल पट्टीच्या मधोमध वाट दिसून राहिलीय. केस एका अंगाला निजलेत. सतरंजीला काही न्हाई." गुरम्मा म्हणायची, "डोळ्यांनी बघितलंस, आता हातानं बघ. न्हाई, तसं न्हाई, उलट्या हातानं." आणि सुनेचा हात धरून पट्टीवरून फिरवायची.

तेविसाव्या दिवशी, ऊन पांढऱ्याचं निळं होत असताना, गुरम्मा नदीच्या कोरड्या पात्रात होती. बाया ओळीनं येत होत्या, बिनपावलांच्या. आणि तेवढ्यात कुठूनसा, अगदी लांबून, दबका आवाज आला. धप. मग जरा वेळानं, धप.

डावी टाच. जड.

गुरम्मानं डोळे उघडले. लक्ष्मीबाई लाल पट्टीवरून आत येत होती, आणि तिची टाच फरशीला ऐकू जात होती. केसांनी पाऊल गिळायचं सोडलं होतं.

"आली बघ टाच," गुरम्मा म्हणाली. "शिवकांता, पट्टी उचल. अण्णारावांना चिठ्ठी लिहायला सांग मन्मथला. बैठकीत टाका म्हणावं, पाव्हणे बसू द्या, पोरं लोळू द्या. दारात टाकू नका, चालायच्या वाटेवर टाकू नका. कागदात काय बी असू दे."

सुनेनं पट्टीचा कोपरा तिच्या हातात दिला, काळं सूत दिलं. गुरम्मानं एक गाठ मारली. दुसरी मारली. दोन्ही ओढून घट्ट केल्या. तिसऱ्या गाठीपुरतं सूत उरलं होतं, ते तिनं दातानं तोडलं.

"हे कुठं टाकू?" शिवकांतानं विचारलं.

"टाकायला काय झालं? सतरंजीला लागंल की. अजून पाच दिवस जाऊ दे तिच्यावरून." तिनं सुताचा तो तुकडा सुनेच्या करंगळीला गुंडाळला. "तोवर सांभाळ. आणि आता विचारायचं असंल ते विचारत जा बाई."

दारातून सिंधु आली. लाल पट्टी उचललेली बघून क्षणभर थांबली, इकडंतिकडं बघितलं, आणि न विचारता सतरंजीवर पाय ठेवून पुढं गेली.